सांडलवंडीचा रकाना

"दादा, पूर्वी तुम्ही सांडलेलं खाद्य ओलंच तोलायचात का?" संशोधनाला नव्याने आलेल्या मुलीने हे विचारलं तेव्हा त्याच्या डाव्या हातात शेपटीच्या बुडाशी धरलेला उंदीर होता आणि उजव्या हाताने तो काट्यावरचं भांडं सरळ करत होता. प्रश्न सहज होता. त्यात टोमणा नव्हता, उलट थोडी अदबच होती. उंदीर भांड्यात सोडून त्याने आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली. अठ्ठावीस पूर्णांक चार. आकडा वहीत लिहिला, उंदीर पिंजऱ्यात परत ठेवला, झाकणाची कडी लावली आणि मग विचारलं, "कोण म्हणालं?" "कोणी नाही. छापून आलंय ना, मॅडमच्या शेवाळावरच्या निबंधात." तिने हातमोजा काढून फोन पुढे केला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत तळटीप होती. ती त्याने दोनदा वाचली. सांडलेल्या खाद्याची वजनं प्राणिगृहातील कर्मचाऱ्याने न वाळवता घेतल्याचं आढळल्यामुळे ती हिशेबात धरलेली नाहीत. कर्मचाऱ्याने, असं एकवचन होतं. प्राणिगृहात गेली एकोणतीस वर्षं कर्मचारी एकच होता. त्याच पानावर, चार ओळी खाली, आभारात त्याचं नाव होतं, आडनावासकट, अचूक. "वाळवूनच तोलायचो," तो म्हणाला. "मग असं का लिहिलंय?" "पुढचा पिंजरा दे," तो म्हणाला, आणि मुलीने दिला.

इमारतीत त्याच्यामागे त्याला सगळे 'काटा' म्हणायचे, आणि ते त्याला ठाऊक होतं, आणि खरं तर आवडायचं. उंदराला रोज मोजून खाद्य घालायचं, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजायचं, दोन्हींतला फरक म्हणजे उंदराने खाल्लं, असं वरच्या मजल्यावरची माणसं समजायची. पण उंदीर हा मोठा उधळ्या प्राणी. खाद्याची कांडी पुढच्या दोन्ही पायांत धरून कुरतडतो, अर्धी तोंडात, अर्धी जाळीखाली. जाळीखालच्या तबकात तो चुरा पडतो, लेंड्यांत मिसळतो, मुतात भिजतो. तबक काढायचं, चुरा चाळायचा, लेंड्या चिमट्याने वेचायच्या, उरलेलं साठ अंशांवर भट्टीत वाळवायचं आणि मगच तोलायचं. ओलं तोललं की आकडा फुगतो, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, आणि त्यानंतर एकदाही, अगदी ताप अंगात असतानाही, त्याने तबक ओलं तोललं नव्हतं. वहीत त्यासाठी वेगळा रकाना होता. वर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं असायचं: सांडलवंड. हे काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. करायचं म्हणून तो करायचा, आणि वरून कोणी आलंच तर सांगायचा, की बाबांनो, हे वजा करा. काही करायचे, काही विसरायचे. त्याचं काम रकान्यापाशी संपायचं. वजाबाकी वरच्या मजल्यावर व्हायची.

मॅडम वजाबाकी करणाऱ्यांतली होती. किंबहुना ती एकटीच अशी होती जिने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, दादा, हा रकाना कशाचा? तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि उंदराला हात लावायला घाबरायची. पहिल्या दिवशी एक उंदीर तिच्या बाहीत शिरला आणि ती टेबलावर चढून बसली होती. त्यानेच तिला शिकवलं, की घाबरलेला हात उंदराला आधी कळतो, म्हणून आधी हात गरम कर, मग पिंजऱ्यात घाल. दुपारी ती त्याच्या डब्यातलं खायची. आई गेली तेव्हा सुट्टी संपवून परत आली ती थेट वर न जाता खाली प्राणिगृहात आली होती आणि रिकाम्या पिंजऱ्यांच्या ढिगावर तासभर बसून राहिली होती. तो तबकं धूत राहिला होता. जाताना ती म्हणाली, "दादा, तुमच्याकडे बरं वाटतं. इथं सगळं मोजलेलं असतं." पुढे ती विभागाची प्रमुख झाली. त्या दिवसापासून तो तिला तुम्ही म्हणायला लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा तिने कपाळाला हात लावला होता, "दादा, हे काय नवीन?" पण तिने ते एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा हट्ट केला नाही. ही गोष्ट त्याच्या तेव्हाही लक्षात आली होती, आणि ती त्याने मनाच्या कुठल्याशा रकान्यात लिहून ठेवून दिली होती, वजाबाकी न करता.

त्या मंगळवारी दुपारी त्याने सतरा नंबरची वही काढली. शेवाळाची वही. दोन वर्षांपूर्वी कंपनीकडून हिरव्या भुकटीची पिंपं आली होती. साठ उंदीर, सगळ्यांना भरपूर चरबीचं खाद्य, त्यातल्या तिसांच्या कांड्यांत शेवाळ. चार महिन्यांनी बिनशेवाळाचं खाणारे तीस गोल गरगरीत झाले, त्यांची आतडी सुजली, लेंड्या पातळ झाल्या. शेवाळवाले तीस सडपातळ राहिले, आतड्याचं अस्तर जिथल्या तिथे. मॅडम धावत खाली आली होती. इतकी आनंदात, की तिचे प्राणिगृहात वापरायचे बूट घालायचेही राहिले होते. "दादा, तेवढंच खाऊन बारीक राहिले! तेवढंच!" आणि तो हसला होता. त्याच्या मागे ओट्यावर त्या दिवशीची तबकं वाळायला रांगेत लावलेली होती, अर्धी पांढरी, अर्धी हिरवी. हिरव्या तबकांत चुरा काठापर्यंत असायचा. शेवाळाच्या कांड्यांना डबक्याचा वास यायचा. उंदीर तोंड लावायचे, कुरतडायचे, टाकून द्यायचे. हे त्याने रोज पाहिलं होतं. चाळताना बोटं हिरवी व्हायची, आणि रंग साबणाने जात नाही म्हणून तो बायकोकडे कुरकुरलाही होता. पण ती म्हणाली तेवढंच खाऊन, आणि त्याला वाटलं, हिनं वजा केलं असणार. तिला रकाना ठाऊक होता. आता त्याने कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वजाबाकी केली. पांढऱ्यांच्या पिंजऱ्यातून रोज उंदरामागे तीन पूर्णांक एक ग्रॅम संपलेलं, त्यातलं शून्य पूर्णांक दोन जाळीखाली. हिरव्यांच्या पिंजऱ्यातूनही तीन पूर्णांक एकच संपलेलं, पण जाळीखाली शून्य पूर्णांक नऊ. म्हणजे हे खात होते दोन पूर्णांक नऊ आणि ते दोन पूर्णांक दोन. जवळजवळ पाव भाग कमी. चार महिने पाव पोट उपाशी राहिला तर कोण बारीक होणार नाही? त्याला शेवाळ कशाला हवं? पेन्सिल ठेवून तो बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसला. बाजूच्या खोलीत पिंजऱ्यांची सततची खुडखुड चालू होती. ती त्याला एरवी ऐकू येत नसे.

घरी बायको तेच शेवाळ खात होती. सहा महिने. सकाळी एक कॅप्सूल, संध्याकाळी एक. कपड्यांच्या एका दुकानात ती मापं घेऊन कपडे सैल-घट्ट करून द्यायची, दिवसभर दुसऱ्यांच्या कंबरा फितीत धरायची, आणि स्वतःची कंबर हा तिचा जुना विनोद होता. "सगळ्या गावाला इंच-इंच सैल करून देते," ती म्हणायची, "माझ्या वाट्याला कापडच उरलं नाही." पण पोटाचा त्रास विनोदाचा नव्हता. चार दिवस गच्च, मग दोन दिवस धावपळ. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं. वर्षभर असंच चाललं तेव्हा डॉक्टरने दुर्बिणीने आतडं तपासायला सांगितलं. तिचे वडील आतड्याच्या दुखण्याने गेले होते, म्हणून डॉक्टर जास्तच आग्रह करत होता. पहिली तारीख तिनेच पुढे ढकलली, दुकानात गर्दीचा हंगाम होता. त्याच सुमाराला मॅडमने त्याला बाटली दिली, हिरव्या झाकणाची. कंपनीने बाजारात आणलेली पहिली खेप. "वहिनींना द्या, दादा. आपलंच काम आहे हे." बायकोने बाटली उलटसुलट करून पाहिली होती. "हे खरंच चालतं, का आपलं जाहिरातीपुरतं?" आणि तो म्हणाला होता, "मी स्वतः तोललंय." बस, एवढंच म्हणाला होता. त्यानंतर तिने बाटलीवरचं एक अक्षरही वाचलं नाही. "उंदरांची पोटं आत गेली, आता माझी पाळी," म्हणत ती गोळी घ्यायची. महिनाभराने तिला हलकं वाटायला लागलं. संध्याकाळचं जेवणही ती कमी करायला लागली होती, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. तपासणीची दुसरी तारीख आली तेव्हा ती म्हणाली, "आता कशाला? बरं वाटतंय की." आणि इस्पितळात फोन करून ती तारीख त्याने रद्द केली. स्वतःच्या आवाजात. "आता गरज वाटत नाही," असं तो फोनवर बोलला होता. तो आवाज त्याला आता बसमध्ये उभ्याउभ्या ऐकू येत होता, एखाद्या भलत्याच माणसाचा वाटावा इतका शांत.

बुधवारी तो वर गेला. मॅडमची खोली नव्याने रंगवली होती, टेबलावर हिरव्या झाकणाच्या बाटल्यांचा छोटा मनोरा. "अरे वा, काटा स्वतः वर आला आज! बसा ना दादा." तो बसला नाही. "मी ओलं तोललं असं छापलंय तुम्ही." तिचा चेहरा क्षणभर मोकळा राहिला, मग आवरला गेला. "अहो, तुमचं नाव कुठंय त्यात?" "नाव आभारात आहे. त्याच पानावर." ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. "दादा, ऐका. निबंधाच्या परीक्षकाने विचारलं, हा रकाना का धरला नाही. काहीतरी कारण द्यावंच लागतं. काट्यात बिघाड म्हटलं असतं तर सगळीच वजनं बाद झाली असती." "म्हणून माणसात बिघाड म्हटलं." "तसं नाही हो." "मग कसं?" तिने पेन उचललं, ठेवलं. "तुमच्या-माझ्यात ठीक आहे. पण बाहेर कोण ओळखतं तुम्हाला? कोण विचारणार आहे? दोन वर्षांत निवृत्त व्हाल. माझ्यामागे संशोधन करणारी बारा मुलं आहेत, त्यांचं सगळं या कामावर उभं आहे. मी काय विष विकतेय? शेवाळाने कुणाचं वाईट होत नाही. फार तर काही होत नाही." तो म्हणाला, "माझी बायको घेते." "आणि बरं वाटतंय त्यांना, तुम्हीच सांगितलंत." त्याला तपासणीचं सांगायचं होतं. वडिलांचं सांगायचं होतं. रद्द केलेल्या तारखेचं सांगायचं होतं. पण समोर बसलेल्या बाईला ते सांगणं म्हणजे पुन्हा तिच्याकडेच काहीतरी देऊन ठेवणं झालं असतं. तिच्या खिडकीखाली वाहनांची रांग थांबली होती, तिकडे तो पाहत राहिला. मग ती अगदी जुन्या आवाजात, डब्यातलं मागायच्या आवाजात म्हणाली, "दादा, ती सतरा नंबरची वही माझ्याकडे आणून द्या. खाली दमट असतं. माझ्या कपाटात नीट राहील."

आणि त्याने दिली. यावर पुढचे तीन दिवस तो मनात पुन्हा पुन्हा येत राहिला. जिना उतरून तो खाली गेला, फळीवरून वही काढली, पुठ्ठ्यावरची धूळ बाहीने पुसली, जावक नोंदीत लिहिलं: वही क्र. १७, वर दिली. तारीख, वेळ. मग जिना चढून वर नेऊन दिली, आणि ती "थँक्यू दादा" म्हणाली, आणि पुन्हा उतरताना शेवटच्या पायरीवर त्याला कळलं, आपण काय करून बसलो. कोणी धाक घातला नव्हता. एकोणतीस वर्षं वरून मागितलं की खालून जायचं, एवढंच हाताला ठाऊक होतं. त्याने हाताकडे पाहिलं. मुकाट, स्वच्छ, नखं कापलेला हात. याच हाताने त्याने तिला उंदीर धरायला शिकवलं होतं. तिने आपल्याला फसवलं, हे वाक्य मनात म्हणून पाहिलं की ते खरं वाटायचं, पण पुरं वाटायचं नाही. फसवलं म्हणायला आपल्याला काही माहीत नसायला हवं होतं. हिरवा चुरा काठापर्यंत असायचा. बोटं हिरवी व्हायची. हे मनात आलं की तो घाईने पुन्हा तळटीपेकडे वळायचा, तिथे निदान राग स्वच्छ होता. घरी तो गप्प राहिला. बायको सकाळी गोळी हातावर घेऊन पाणी मागायची, तो पेला भरून द्यायचा. "काय झालंय? उंदीर मेला का कुठला?" तिने गुरुवारी विचारलं. तो म्हणाला, कामाचं आहे. खोटं नव्हतं. तिला सांगायचं तर आधी आपली बाजू नीट मांडता यायला हवी, असं त्याला वाटत होतं. वाक्यं तो बसमध्ये जुळवायचा आणि घराच्या दारापाशी ती मोडायची. शुक्रवारी संध्याकाळी ती आरशासमोर उभी राहून फितीने कंबर मोजत होती. "दीड इंच," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी त्याच्याकडे वळली. तो "वा" म्हणाला.

शनिवारी सकाळी तिच्या तळहातावर कॅप्सूल होती तेव्हा तो म्हणाला, "ती घेऊ नकोस." तिने वर पाहिलं. मग त्याने सांगितलं. तळटीपेपासून सुरुवात केली. एकोणतीस वर्षांत एक तबक ओलं तोललं नाही, आणि हिनं, जिला मी हात धरून शिकवलं तिनं, असं लिहावं, असं तो सांगत गेला, आणि ती चिडेल, मॅडमला चार शब्द सुनावेल, असं त्याला वाटलं. ती ऐकत होती. कॅप्सूल तिने टेबलावर ठेवली, गडगडू नये म्हणून चमचा आडवा लावला. "म्हणजे," ती म्हणाली, "कातरण वजाच केली नाही. कापड सगळं अंगावर गेलं असं धरलं."

"हो."

"म्हणजे ते उंदीर उपाशी होते."

"पाव पोट."

"आणि मीही कमी जेवतेय, म्हणून दीड इंच."

ती म्हणाली, "तुमच्या नावाचं काय ते नंतर बघू. माझ्या पोटाचं काय? ती तपासणी तुम्ही रद्द केलीत."

"तूच म्हणालीस, बरं वाटतंय."

"मी तुम्ही म्हणालात म्हणून म्हणाले." हे ती भांडणाच्या आवाजात बोलली नाही. दुकानात गिऱ्हाईकाला माप पुन्हा सांगावं तशी बोलली. "वजाबाकी कधी केलीत?"

"मंगळवारी."

तिने बोटांवर मोजलं. मंगळवारची संध्याकाळची, बुधवारच्या दोन, गुरुवारच्या दोन, शुक्रवारच्या दोन. "सात," ती म्हणाली. "सात वेळा पाणी दिलंत मला."

"कसं सांगावं कळत नव्हतं."

"आणि तो हिरवा चुरा? बोटं हिरवी झाली म्हणून माझ्यापाशी कुरकुरत होतात, तो हाच ना?"

"हाच."

"तेव्हा नाही आलं मनात, की हे खात नाहीयेत?"

यावर द्यायला त्याच्याकडे उत्तर होतं. वजाबाकी माझं काम नव्हे. वर करतात. माझं काम रकान्यापाशी संपतं. ते तोंडाशी आलं, आणि तिच्याकडे पाहून गिळावं लागलं. ती उठली. "मला वाटत होतं, जग इकडचं तिकडे होईल, पण ह्यांनी पाहिलेलं म्हणजे पाहिलेलं," ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "मैत्रिणींना सांगायचे मी. दुकानातल्या दोघीजणी घेतात माझ्या शब्दावर. आता त्यांना तोंड मी दाखवू का तुम्ही जाताय?" तो म्हणाला, मी जातो. "राहू द्या," ती म्हणाली. "मीच सांगते. तुमच्या तोंडून त्यांना पुन्हा खरं वाटेल." मग तिने फोन घेतला, दुसऱ्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. इस्पितळाचा नंबर तिला पाठ नव्हता, तो तिने चौकशीला विचारून मिळवला. दाराआडून तिचा आवाज येत होता. वय. त्रास किती दिवसांचा. वडील. त्रेसष्टाव्या वर्षी. हो, आतड्याचाच. आधीची तारीख? मग ती म्हणाली, "ती चुकून रद्द झाली."

पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली. आदल्या दिवशी पोट साफ करायचं पातळ औषध ती दर पंधरा मिनिटांनी पीत होती आणि तो घड्याळ बघत होता, पण पेला ती स्वतः भरून घेत होती. सोबत येऊ का, असं त्याने विचारलं तेव्हा म्हणाली, कोणीतरी लागतंच, नियम आहे. इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरचा लांब बोळ, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या. शेजारच्या खुर्चीवरचा एक म्हातारा आपल्या मुलीला सांगत होता की काल रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही आणि एवढं स्वच्छ तर मी जन्मात नव्हतो. बायकोला हसू आलं. त्यालाही आलं. दोघं एकाच वेळी हसले आणि ते लक्षात येताच तिने पर्स मांडीवर नीट केली. तिचे हात गार पडले असणार, हे त्याला ठाऊक होतं. अशा वेळी पडतात. त्याने हात पुढे केला नाही.

परिचारिका यादी घेऊन आली. "सोबत कोण आहे?" "हे आलेत," बायको म्हणाली. "ठीक. तुम्हाला गुंगी देतील. झालं की डॉक्टर बाहेर येऊन ह्यांना सगळं सांगतील, तुम्ही काळजी करू नका." "ह्यांना नको," ती म्हणाली. परिचारिकेने कागदावरून मान वर केली. "मी जागी होईपर्यंत थांबा. जे काही निघेल, चांगलं-वाईट, ते आधी मला सांगा. सरळ मला." "अहो, पण बाहेर माणूस काळजीत असतो." "असू दे." परिचारिकेने त्याच्याकडे पाहिलं, नवरे अशा वेळी काहीतरी म्हणतात. तो म्हणाला, "ती सांगते तसं करा." तिने कागदावर तसं लिहून घेतलं आणि बायकोला आत नेलं. दार आपोआप मिटणारं होतं, सावकाश मिटलं.

पाऊण तासाने ते उघडलं. डॉक्टर बाहेर आला, डोक्यावरची टोपी काढत. तो उठून उभा राहिला. डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "त्या उठू देत." चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. डॉक्टर परत आत गेला. तो तसाच उभा राहिला. शेजारच्या म्हाताऱ्याची मुलगी म्हणाली, "बसा ना काका, वेळ लागेल." तो बसला नाही.